नाडीखालची जखम

"मावशी, नाडी जरा सैल करा. मला बघायचंय."

"त्यात काय बघायचं, ताई? मागचंच मलम लिवून द्या."

मागचं मलम मीच लिहिलं होतं. दोनदा, आणि दोन्ही वेळा न बघता. मी पुण्यातल्या एका सार्वजनिक रुग्णालयात त्वचारोग विभागाची रेसिडेंट डॉक्टर आहे. कुसुममावशी पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका शाळेत खिचडी शिजवतात. "कमरेला गजकर्ण हाय," असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या आणि मी मान डोलावली होती. या वेळी त्यांच्या साडीवर ओला डाग दिसला, म्हणून मी पडदा ओढला.

परकराची नाडी रोज आवळतात तिथे काळपट पट्टा होता. तसा तो कितीतरी बायकांच्या कमरेवर असतो आणि बहुतेकींना त्याचा काही त्रास नसतो. पण मावशींच्या पट्ट्यात रुपयाएवढी जखम होती. कडा उचललेल्या, कडक. हात लागताच रक्त आलं. जखमेवर रुमालाची घडी ठेवून त्यांनी वरून नाडी बांधली होती.

"कधीपासून आहे?"

"दिवाळीच्या आधीपासनं. भरती, परत फुटती."

आता मे चालू होता. अशी जखम वाईट असली तर आधी जांघेतल्या गाठीत पसरते, म्हणून मी जांघ चाचपली. बोटाखाली एक गाठ लागली.

मी युनिट हेड मॅडमना बोलावलं. त्यांनी केसपेपर वाचला.

"दोनदा अँटिफंगल मलम. बघून दिलंस?"

"नाही मॅडम. त्यांनीच गजकर्ण सांगितलं."

"म्हणजे निदान पेशंटचं. शुद्धलेखन तुझं."

बायोप्सी केली, म्हणजे जखमेच्या कडेचा छोटा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आला: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. हा त्वचेच्या वरच्या थराचा कॅन्सर. वर्षानुवर्षं घासलेल्या जागी किंवा भाजल्याच्या जुन्या व्रणावरही तो होतो. वेळेत काढला तर बहुधा बरा होतो. गाठीत पसरला तर अवघड. गाठीत सुई घालून घेतलेल्या नमुन्याचा रिपोर्ट अजून यायचा होता.

"मरती का काय मी?" मावशींनी विचारलं.

"गाठीचं कळू दे, मग सांगते."

"तवर नाडी कुठं बांधू?"

"बांधूच नका. गाऊन घाला."

"शाळेत?"

पुढचे चार दिवस मी गाठीच्या रिपोर्टची वाट बघत होते. मागच्या दोन्ही वेळा बाहेर पेशंटची रांग लांब होती, हे खरं. पण सगळा दोष रांगेवर टाकला, तर पुढच्या बाईची जखमही झाकलेलीच राहणार.

गाठीत कॅन्सर निघाला नाही. ती जंतुसंसर्गाने सुजली होती. सर्जननी जखम भोवतालच्या चांगल्या कातडीसकट काढली. काढलेल्या तुकड्याच्या कडांना रोग नव्हता, म्हणजे आत काही उरलं नव्हतं.

टाके काढताना मी मावशींना खरं ते सांगितलं. पहिल्याच वेळी बघायला हवं होतं, मी बघितलं नाही.

त्या म्हणाल्या, "दाखवायची लाज मला वाटत हुती. तुमाला बघायची कसली वाटत हुती?"

पेशंटने रोगाचं काहीही नाव सांगितलं, तरी न बघता मलम लिहिणं मी बंद केलं आहे.