तांदळात लिहिलेलं नाव

१९८४ साल. मी एक्कावन्न वर्षांचा होतो. घाटकोपरला डोंगरावरच्या चाळीत आमची खोली. गिरणी बंद पडल्यावर मी मुलुंडच्या एका कारखान्यात गेटवर बसत होतो. कुणाकडे हात पसरला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बायकोचं हृदय बिघडलं होतं. डॉक्टर म्हणाले, पायऱ्या चढायच्या नाहीत. डोंगरावरच्या माणसाला हे सांगणं म्हणजे खोलीला बाहेरून कडी घालणं. बाजार, देऊळ, शेजारपाजारची लग्नं, सगळं बंद. ती खाटेवर बसून तांदूळ निवडायची आणि खिडकीतून खालची पत्र्यांची छपरं बघायची.

धाकटी मुलगी कॉलेजात होती. तिला अभ्यासाला एक जुनी इंग्रजी कादंबरी होती, विटेएवढी जाड. आईचा वेळ जावा म्हणून ती संध्याकाळी त्यातलं थोडं थोडं वाचून मराठीत सांगायला लागली. मी तिसरी शिकलेला. मला त्यातलं काय कळणार, असं कुणी म्हणू नये. ऐकायला शाळा लागत नाही.

गोष्ट एका मुलीची. आईबाप नाहीत, रूप बेताचं, गाठीला दमडी नाही, पण मान ताठ. मोठ्यांना उलटून बोलायची. खोटं सहन करायची नाही. त्या मडमेचं इंग्रजी नाव आमच्या जिभेवर बसेना, म्हणून मायलेकींनी तिला आपल्यातलं एक नाव दिलं. साधं, जुनं, कोकणात घरोघरी असतं तसं. मीही तेच नाव घेऊन बोलायचो. कामावरून आलो की चप्पल काढता काढता विचारायचो, आज तुमच्या त्या बाईने कुणाशी भांडण काढलं?

पुढे एक श्रीमंत माणूस तिला मागणी घालतो आणि ही सरळ नाही म्हणते. मला ते पटलं नाही. मी म्हटलं, डोक्यावर छप्पर नाही आणि मिजास बघा. असली बायको माझ्या वाट्याला आली असती तर दुसऱ्या दिवशी माहेरी पोचवली असती. त्यावर बायको पदरात तोंड घालून इतकी हसली की तिला धाप लागली. मुलीने तिची पाठ चोळली. म्हटलं, यात एवढं हसण्यासारखं काय?

पण खरं सांगतो, त्या पोरीचा लळा लागला. एकदा एक म्हातारी तिला सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलते. मुलगी ते सांगत होती आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, तिचं नाव घेऊन, "अजिबात वाकू नको गो." बायकोने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तशी ती लग्नात आंतरपाट निघाला तेव्हा बघत होती. मला वाटलं, गोष्टीत रमलीय.

मग एका रविवारी बायकोचा मोठा भाऊ आला. तो बोटीवर नोकरीला होता, आमच्या लग्नानंतर एकदोनदाच दिसलेला. बाकी तिच्या माहेरचे सगळे तिला 'बाय' म्हणायचे. हा दम खात पायऱ्या चढला आणि दारातूनच त्याने हाक मारली. त्या गोष्टीतल्या मुलीच्या नावाने. "बरी आसस मा गो?"

बायकोने तांदळाचं सूप खाली ठेवलं.

आमच्यात लग्नात नवरा तांदळाच्या ताटात अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहितो. मीही लिहिलं होतं, आईने ठरवलेलं. जुनं नाव त्या दिवशी तिथेच राहतं. मी ते पत्रिकेत वाचलं असेल, मग विसरलो. रीत होती. मी चुकलो असं मी म्हणत नाही.

पण मेव्हणा दुपारी चेंबूरला त्याच्या मित्राकडे मुक्कामाला गेल्यावर माझं डोकं फिरलं. इतके दिवस माझ्याच घरात माझी गंमत चालली होती. मी मुलीला म्हटलं, बापाला फसवलंस.

ती म्हणाली, "फसवलं कुठे, बाबा? आई म्हणाली माझं नाव दे तिला, मी दिलं. तुम्ही कधी विचारलंत, हे कुणाचं नाव?"

मी बायकोकडे वळलो. ती भांडली नाही. तांदळातला खडा काढून बाजूला ठेवत म्हणाली, "तांदळात तुमी लिवलात तां नाव तुमचां. ह्यां माझां."

मी जेवलो नाही. संध्याकाळी कादंबरीचा शेवट वाचायचा होता. मी म्हटलं, मला नाही ऐकायचा, आणि बाहेर बाकड्यावर जाऊन बसलो. दार उघडंच होतं. बायकोने ते लावू दिलं नाही.

शेवटी तो श्रीमंत माणूस परत येतो. पैशाचं, घराचं काही बोलत नाही, नीट विचारतो. मग ती हो म्हणते. मुलीने पुस्तक मिटलं. खाली कुणाच्या तरी घरी कुकरची शिटी झाली.

मग बायकोने विचारलं, "आणि लग्नात तिचां नाव बदलल्यानी काय गो?"

"आडनाव बदललं, आई. तिचं नाव नाही. तिकडे ते जन्मभर तेच राहतं."

"बरां झालां," ती म्हणाली. एवढंच.

माझ्याकडे तिने कधी काही मागितलं नव्हतं, त्या दिवशीही नाही. मागितलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, माझा स्वभाव मला ठाऊक आहे. शिमग्याच्या आधी ती गेली. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे, आणि ते मला सापडलं तेव्हा दिवस थोडे उरले होते.

पण गोष्ट संपली त्याच्या दुसऱ्या दिवशीचं सांगतो. पहाटे नळाला पाणी आलं. मी हंडे भरले, स्टोव्ह पेटवला, चहा केला. मुलगी झोपली होती. बायको जागी होती, भिंतीकडे तोंड करून. आमच्यात नवरा बायकोला 'अगो' म्हणतो, नाहीतर नुसतं खाकरतो. मी खाकरलो. मग कपबशी हातात धरून तिला तिच्या नावाने हाक मारली.

ती लगबगीने उठून बसली आणि तिने दाराकडे पाहिलं. तिला वाटलं, भाऊ परत आला.

दारात कुणी नव्हतं. मी पुन्हा हाक मारली.