पांडुरंगदादाची रजा

बहारीनमधल्या सित्र्याला वेल्डिंग करणाऱ्याच्या अंगावर ठिणग्यांचे डाग असायचेच. त्यामुळे १९८३च्या उन्हाळ्यात पांडुरंगदादाच्या ओटीपोटावर नि छातीवर कडक गाठी उठल्या, तेव्हा आमच्या खोलीतल्या सगळ्यांनी भाजल्याचं मलम पुढं केलं. मी कंपनीची बस चालवणारा, मला तरी कुठली अक्कल. पण गाठी वाढतच चालल्या आणि दुखत मात्र नव्हत्या. भाजलेलं दुखत नाही होय? माझं डोकं फिरलं. त्याला ओढतच दवाखान्यात नेलं.

दोन वर्षांपूर्वी, इकडं यायच्या आधी, त्याचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. "आजार खलास," असं सांगत फिरायचा. आता गाठीचा तुकडा तपासून डॉक्टर हेमचंद्रांनी मला बाजूला बोलावलं. आपल्याकडची रीतच ती, पेशंट सोडून सगळ्यांना सांगायचं. दादा मागून म्हणाला, "साहेब, अंग माझं आहे. मला सांगा."

डॉक्टर पुण्याचे, आडपडदा ठेवला नाही. "तोच आजार कातडीत आलाय. म्हणजे आतही पसरलाय. काही महिने मिळतील, एखाद्याला वर्षही मिळतं. बरा होणार नाही, पण दुखणं आवरता येईल."

"मग चालता येतंय तोवर घरी जातो," दादा म्हणाला.

पण पासपोर्ट कंपनीकडे, आणि दोन वर्षं भरल्याशिवाय रजा नाही. त्याची भरणार होती डिसेंबरात. सुपरवायझर गाठींकडे धड न बघताच म्हणाला, "वेल्डर को तो दाग होते ही हैं. डिसेंबर में जाना, इंशाल्ला." माझा हात शिवशिवत होता. दादाने शांतपणे शर्ट काढला नि टेबलाला चिकटून उभा राहिला. "हाथ लगाके देखो. पासपोर्ट मिलेगा तब शर्ट पहनूँगा." दारात शिफ्टची माणसं जमली, तरी तो हलला नाही. शेवटी सुपरवायझरने कपाट उघडलं.

विमानाच्या पायऱ्या दादा कुणाचा हात न धरता चढला. मला रडू आवरेना.

पुढल्या मे महिन्यात मी आमच्या गावी गेलो, तेव्हा तो नव्हता. त्याच्या बायकोने, रंभावहिनीने, चहा दिला. मी विचारलं, "फार त्रास झाला का हो?"

"झाला. गोळ्या देत होते मी." वहिनीने रिकामा कप उचलला. "पण भावोजी, आधी मुंबईची गोदी, मग तुमचं बहारीन. गणपतीला आणि शिमग्यालाही माझा माणूस घरात, असं लग्न झाल्यापासून त्या एकाच वर्षी झालं."