रोमन रस्त्यांवरचं राहिलेलं व्याख्यान

माझे सासरे उभी हयात बांधकाम खात्यात रस्ते करून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले, आणि दोन हजारनंतरच्या एका हिवाळ्यात सहा महिन्यांसाठी परदेशी, न्यू लिन या उपनगरात आमच्याकडे आले. मी तिथल्या एका फार्मसीत कामाला होते, नवरा हॅमिल्टनला ये-जा करायचा. दिवसभर बाबा एकटेच. रिकामपण त्यांना सोसत नसे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी लायब्ररी शोधली आणि रोमन रस्त्यांवरची जाडजूड सचित्र पुस्तकं घरी यायला लागली.

पुस्तकांवर ते खूश नव्हते. प्रत्येकात रस्त्याचं तेच चित्र, बर्फीची वडी कापावी तसे चार नेटके थर. "जिथे जे मिळालं ते घातलं असणार," ते म्हणत. "सगळीकडे चार थर घालत बसले असते तर साम्राज्य खडी फोडण्यातच संपलं असतं." रोमन मैल म्हणजे हजार दुहेरी पावलं, हे वाचल्यावर ते न्यू लिनहून शेजारच्या अवोन्डेलपर्यंत पावलं मोजत गेले. तो रस्ता ग्रेट नॉर्थ रोड. नाव उत्तरेचं आणि आमच्या बाजूला जातो पश्चिमेला. हे नाव नक्की मंत्र्याने ठेवलं असणार, असं त्यांचं मत पडलं.

अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात मेथीच्या जुड्यांपाशी त्यांना मुलाकडे आलेले एक गृहस्थ भेटले. मराठी कानावर पडल्यावर "तुम्ही कुठले?" हे आलंच. त्या गृहस्थांनी गावाचं नाव सांगितलं. एरवी पुढे तालुका, नदी, एसटीचा थांबा सगळं विचारणारे बाबा मेथीच्या जुड्या उलटसुलट करू लागले. मी पिशवी धरून शेजारी उभी होते. घरी आल्यावर त्यांनी चहा घेतला नाही.

दोन दिवसांनी त्यांनी सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला एका बायपासची आखणी त्यांच्याकडे आली होती. जुना रस्ता त्या गावाच्या बाजारपेठेतून जायचा. गाव मुळात वाढलं होतं तेच रस्त्यामुळे: बैलगाड्या तिथे मुक्कामाला थांबत, मग दुकानं, मग शनिवारचा बाजार. सर्वेक्षणाचे चार महिने बाबा आणि त्यांची माणसं तिथल्याच एका हॉटेलात बसत. हॉटेलवाला साहेब म्हणून पहिली वाफाळती भजी यांच्यापुढे ठेवायचा. त्याच्याच टेबलावर नकाशा पसरून यांनी पट्टीने गावाबाहेरून रेघ मारली. त्याने विचारलं, तेव्हा यांनी सांगितलं की हा तुमच्याच रस्त्याच्या रुंदीकरणाचा नकाशा आहे. रस्ता झाला, बारा मिनिटं वाचली, आणि काही वर्षांत बाजार उठला. वरिष्ठांनी बाबांची पाठ थोपटली.

"बायपास करायला हवा होता की नाही, हा वेगळा प्रश्न," बाबा म्हणाले. "पण मी खोटं बोललो. त्याला कळलं असतं तर त्याने निदान नव्या रस्त्यावर जागा बघून ठेवली असती."

त्यानंतर ते तिथल्या मराठी मंडळात व्याख्यान द्यायचं म्हणाले. विषय, रोमन रस्ते आणि त्यांच्यावर वसलेली गावं. त्यांनी ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी अकरा पारदर्शक कागद स्वतःच्या हाताने काढले. पहिल्या काहींवर रस्ते, मग घोडे बदलायचे थांबे, थांब्यांभोवती उभ्या राहिलेल्या खाणावळी आणि बाजार, वाहतूक दुसरीकडे वळल्यावर ओस पडलेल्या वस्त्या. अकराव्यावर ते गाव, ती रेघ, आणि कोपऱ्यात नकाशावर असते तशी त्यांची स्वतःची सही. ते बाजारातले गृहस्थ येणार होते. बाबांनी त्यांना स्वतः फोन करून बोलावलं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तालीम झाली, चाळीस मिनिटं लागत. मंडळाने पंचेचाळीस दिली. मी मंडळाच्या समितीत होते, सूत्रसंचालन माझ्याकडे होतं.

कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू झाला, कारण प्रमुख पाहुणे यायचे होते. ते काउन्सिलच्या निवडणुकीला उभे होते आणि त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. हॉलमध्ये ज्योत लावायची परवानगी नसल्याने समई बॅटरीवरची होती. दीपप्रज्वलनाला पाच मान्यवर होते आणि बटण एक. प्रत्येकाने मान म्हणून ते एकदा दाबलं. लागली, विझली, लागली, विझली, लागली. मान्यवर विषम होते म्हणून उजेड पडला.

मग पाहुण्यांचा परिचय. परिचय करून देणाऱ्यांचाही परिचय. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. तोरणं बांधणाऱ्यांचा सत्कार, खुर्च्या मांडणाऱ्यांचा सत्कार, सत्काराच्या शाली ज्यांनी भारतातून आणल्या त्यांना त्यातलीच एक शाल. अध्यक्ष पुण्याचे, कंपनीत प्रोजेक्ट वेळेत पूर्ण करण्याबद्दल नावाजलेले. त्यांनी मंडळाची वाटचाल सांगितली. सहा वर्षांची वाटचाल, पण ऐकताना एखाद्या साम्राज्याची वाटावी. मी प्रत्येकाला गोड आवाजात मंचावर बोलावत होते. बाबा मंचाच्या टोकाच्या खुर्चीत मांडीवर कागद घेऊन बसले होते. तिसऱ्या रांगेत ते गृहस्थ होते.

पाचला हॉल सोडायचा होता. बाबा बोलायला उभे राहिले तेव्हा पावणेपाच झाले होते.

ते घाई करत नव्हते, त्यांना येतच नसे. तिसरा कागद काचेवर ठेवला तेव्हा अध्यक्षांनी माझ्याकडे चिठ्ठी सरकवली: "२ मि." हॉलची किल्ली सांभाळणारी माओरी बाई दारात उभी होती. मी तिच्याकडे गेले. पुढच्या कार्यक्रमाचे लोक पार्किंगमध्येच गप्पा मारतायत, ती म्हणाली, अजून पंधरा मिनिटं घ्या, स्वीट ॲज, म्हणजे काही हरकत नाही. मी ते अध्यक्षांना जाऊन सांगितलं.

"अरे वा, बरं झालं," ते म्हणाले. "म्हणजे आभारप्रदर्शन नीट होईल. द्या ना वहिनी चिठ्ठी."

आणि मी दिली. इतकी वर्षं मी अध्यक्षांवर चिडते आहे, पण चिठ्ठी माझ्या हातातून गेली. ती मी फाडू शकत होते. माइक माझ्याकडे होता. सूत्रसंचालिकेने कार्यक्रम वेळेत बसवायचा असतो, एवढंच त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं. मंडळाने वर्षानुवर्षं मला तेवढंच शिकवलं होतं, आणि मी चांगली विद्यार्थिनी होते.

बाबांनी चिठ्ठी वाचली. खात्यातला माणूस, लेखी आलं की आदेश. चष्मा काढून त्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. अकरावा कागद गठ्ठ्यात सर्वांत खाली होता. तो ओढून थेट काचेवर ठेवता आला असता. पण आधीचे सात न दाखवता शेवटचा दाखवायचा, हे त्यांच्या हातून झालं नसतं. त्यांनी कागद क्रमाने लावले, वेळ संपल्याचं सांगितलं, नमस्कार केला. टाळ्या जोरात पडल्या. थोडक्यात आटोपणाऱ्या वक्त्याला पडतात तशा. आभारप्रदर्शन चौदा मिनिटं चाललं.

चहाच्या वेळी ते गृहस्थ बाबांपाशी आले. फार माहितीपूर्ण, म्हणाले, आणि पुढे हसत, "आमच्या गावाबाहेरून रस्ता काढणारा तुमच्यासारखा अभ्यासू असता तर बरं झालं असतं." बाबांनी तोंड उघडलं. तेवढ्यात अध्यक्षांनी येऊन त्यांचा दंड धरला. पाहुणे निघताहेत, फोटो राहिलाय. मी मागून "एक मिनिट थांबा" म्हटलं, त्याला अध्यक्षांनी मान डोलावली आणि बाबांना घेऊन गेले. फोटो काढून परत येईपर्यंत त्या गृहस्थांना त्यांचा मुलगा गाडीत घालून घेऊन गेला होता. मंगळवारी ते भारतात परतणार होते.

गाडीत मी म्हटलं, "बाबा, नंबर आहे. घरी गेल्यावर फोन करा."

"नको."

"मग उद्या त्यांच्याकडे जाऊ. मी रजा घेते."

ते बाहेर बघत म्हणाले, "एकट्याला सांगितलं की तो भला माणूस लगेच म्हणेल, जाऊ द्या हो, झालं ते झालं. चहा देईल. मला माफी नको होती, सूनबाई. त्याच्या गावाबद्दल खोटं बोललं गेलं, हे त्याच्यासमोर चार लोकांनी ऐकायला हवं होतं."

पुढच्या बैठकीत कार्यक्रम उत्तम झाल्याचा ठराव झाला. मी म्हटलं, व्याख्यानाचे आठ कागद राहिले. अध्यक्षांना खरंच आश्चर्य वाटलं. "हो का? मला वाटलं संपलं होतं. मग स्मरणिकेत देऊ ना, एखादं पान." मी त्यांना कागद दिले नाहीत आणि समितीतून बाहेर पडले. माझ्या जागी आलेल्या बाईंचा त्याच वर्षी सत्कार झाला.

बाबा परत गेले. त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत. हे छापायला पाठवण्याआधी मी त्यांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. गावाचं नाव घालू का, विचारलं. ते म्हणाले, नाव नको, तिथले लोक तसेही ओळखतील. आणि हॉटेलवाल्याला ते स्वतः तेव्हा काय म्हणाले होते ते मी सौम्य करून लिहिलं होतं, ते वाक्य त्यांनी मला दुरुस्त करायला लावलं.