तारेवरची नाडी

अल्लीपूरचे बापूराव वैद्य आधी चारचौघांसारखे मनगट धरूनच नाडी पाहत. पण भैयाजींनी हिंगणघाटच्या आपल्या जिनिंगपासून अल्लीपूरच्या घरापर्यंत टेलिफोनची तार ओढली आणि बापूरावांच्या डोक्यात विज्ञान शिरलं. भैयाजींची मालगुजारी गेली होती, हौस गेली नव्हती. "तारेतून बोलणं येते, त नाडी काऊन नाई येणार?" असं त्यांनी विचारलं, आणि बापूरावांना जिनिंगच्या हपिसात खुर्ची मिळाली.

मग काय विचारता! रोगी भैयाजींच्या ओसरीत टेलिफोनच्या बोलायच्या टोकाशी मनगट धरून बसे. नाडी देताना तोंडातून शब्द काढायचा नाही, हा बापूरावांचा नियम. तिकडे हिंगणघाटला ते डोळे मिटून ऐकत. टक, टक, टक! मग नाडीचा आकडा आणि रोग्याचं वय कापसाच्या हिशेबाच्या यंत्रात घालून दांडा ओढत. कागदाची पट्टी बाहेर येई आणि तिच्यावरून पुडी ठरे. पुड्या तीनच प्रकारच्या होत्या, पण पट्टी पाहून लोक खूश होत. कुणी जुन्या सवयीनं हात पुढे केलाच, तर बापूराव म्हणत, "हातानं पाहाचे दिवस गेले बाप्पा. टेलिफोनवर येजो."

साऱ्या अल्लीपूरची नाडी हुबेहूब एकसारखी लागते, याचं मात्र त्यांना नवल वाटे. "आपल्या गावचं पाणीच तसं हाये," भैयाजी म्हणाले. बापूरावांची शंका तेवढ्यावर मिटली.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. सुट्टीला ते घरी आले, तर बायको देवकाबाई तापलेली. तिनं हात पुढे केला. "अंगात कसर हाये जी. जरा पाहा ना."

"मीच घरी हात पाहाले लागलो, त गाव हसन. तू बी उद्या टेलिफोनवर येजो."

देवकाबाईला फार लागलं. नवऱ्यानं हात धरायचा तो एवढ्याच निमित्तानं, आणि आता तेवढंही गेलं.

दुसऱ्या दिवशी ती ओसरीत गेली. भैयाजी गिरडला नवस फेडायला गेले होते. टेलिफोनच्या डोक्यावरच्या भिंतीवर त्यांचं लाडकं घड्याळ होतं. त्याला किल्ली द्यायचा मान फक्त त्यांचा, म्हणून किल्ली कायम करगोट्याला. तीही त्यांच्याबरोबर गिरडला गेली होती. देवकाबाई मनगट लावून गप्प बसली.

हिंगणघाटला बापूरावांनी कान लावला. काहीच नाही. "देवका, मनगट नीट धर!" तरी काही नाही. टेलिफोन तिच्या मनगटाशी, तिला ऐकू कसं जाणार?

बापूरावांच्या पायाखालची जमीन सरकली. ते अनवाणीच धावले, अल्लीपूरला कापूस आणायला निघालेल्या ट्रकमध्ये चढले आणि वाटभर पोरासारखे रडले.

ओसरीत देवकाबाई अजून तशीच बसली होती.

"झालं का जी पाहून? तुम्ही ऊठ म्हटलं नाई, म्हून बसली."

बापूरावांनी झडप घालून तिचं मनगट धरलं. नाडी होती. कढत कातडीखाली ती धावत सुटली होती. तिच्यासारखी नाडी त्यांना वर्षभरात एकदाही ऐकू आली नव्हती. त्यांनी वर पाहिलं. घड्याळाचा लंबक थांबला होता. इतके दिवस आपण कुणाची नाडी ऐकत होतो, ते त्यांना कळलं.

मागे रोग्यांची रांग ताटकळली होती. "सोडा ना," देवकाबाई पुटपुटली, "लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे," बापूराव म्हणाले. आकडा चुकला होता. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.