आईकडून आलेलं

शेजारपाजारचे तिला 'मेंदूवाली' म्हणत. पोरगी उंदरांचे मेंदू कापते एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पीएचडी संपवून ती नुकतीच एका संशोधन संस्थेत लागली होती. काम मायटोकॉन्ड्रियावर. म्हणजे पेशीच्या आतल्या बारीक चुली, अन्न जाळून ताकद देणाऱ्या. मेंदूची भूक सगळ्यात मोठी, म्हणून चुली मंदावल्या की पहिला घाव बहुतेक मेंदूवरच बसतो. तिच्या दादाच्या मेंदूवर तो ऐन कॉलेजात असताना बसला. आधी फिट्स, मग अर्धांगासारखे झटके. प्रत्येक झटका जाताना काहीतरी घेऊन जाई. कधी बोटांची पकड, कधी चार शब्द.

दादाचं सगळं आत्या करायची. आंघोळ घालणं, भरवणं, चिडला तर थोपटणं. वडिलांची ही बिनलग्नाची बहीण, वडील गेल्यावरही त्याच घरात राहिलेली. लहानपणी तिला एकदा फिट आली होती. आईला तेवढं निमित्त पुरलं. "तुमच्या घराण्याचंच रक्त नासकं," हे ती उठताबसता ऐकवायची. एकदा पाहुण्यांदेखत ऐकवलं, तेव्हा आत्यानं पिशवी भरली आणि मैत्रिणीकडे राहायला गेली. मेंदूवाली दारातच उभी होती. "आत्या, जाऊ नकोस ना," एवढं म्हणाली. त्यापुढचं वाक्य घशातच राहिलं.

वर्षभरानं संस्थेनं घरच्यांना प्रयोगशाळा दाखवायचा दिवस ठेवला. आई ठेवणीतले कपडे घालून, कानातलं यंत्र नीट बसवून आली. लेकीनं तिला पडद्यावर चेतापेशी दाखवल्या. निरोगी पेशीत हिरवे ठिपके, म्हणजे त्या चुली, टोकापर्यंत पसरलेले, आजारी पेशीत एका कोपऱ्यात गोळा होऊन बसलेले. तेवढ्यात तिच्या प्रयोगशाळेचे प्रमुख सर शेजारी येऊन उभे राहिले. घरचं दुखणं तिनं संस्थेत कुणाला कळू दिलं नव्हतं, त्यामुळे सर मोकळेपणानं सांगू लागले.

"हा दोष आईकडूनच येतो बरं का. वडिलांच्या घराण्याचा काही संबंध नाही. आणि आई स्वतः पुष्कळदा हिंडतीफिरती असते. फार तर साखर वाढते, नाहीतर कमी ऐकू येतं."

एरवी तीनतीनदा ओरडून सांगावं लागणाऱ्या आईला हे एका दमात ऐकू गेलं. तिचा हात कानाकडे निघाला आणि मध्येच थांबला.

परतताना बसमध्ये आई खिडकीशी बसली. मग म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"हो."

"केव्हापासून?"

"कॉलेजपासून."

"म्हणजे तुझी आत्या घर सोडून गेली तेव्हाही."

"मी बोलले असते तर तू मोडून पडली असतीस, आई."

"मी अडाणी. माझ्या जिभेला हाड नाही. पण तू एवढी शिकलेली, मूग गिळून बसलीस? तिला जाऊ दिलंस?"

आई चुकलेली होती आणि तरीही तिचं बरोबर होतं, याचाच लेकीला संताप आला. "माझ्यातही असेलच की ते," ती फणकारली. "मलाही तूच दिलंस."

बोलून गेल्यावर जीभ चावून काय उपयोग! आईनं कानातलं यंत्र काढून पर्समध्ये टाकलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

रविवारी मेंदूवाली आत्याकडे गेली. आत्या वाळलेल्या चादरीची घडी घालत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्यावरचा आळ गेला म्हणायचा. आणि तुला हे आधीपासून माहीत होतं?"

मेंदूवालीनं होकाराची मान हलवली. आत्यानं घडी पुरी केली. "चल. येते. तुझ्यासाठी नाही, तुझ्या आईसाठी तर नाहीच. त्याला बघायला."

मधल्या काळात दादाला आणखी दोन झटके येऊन गेले होते. आत्या पलंगाशी बसली. त्यानं तिच्याकडे निरखून पाहिलं आणि बहिणीला हळूच विचारलं, "या कोण?"

आत्यानं ताटली पुढे ओढली. केळं कुस्करलं, घास घास भरवलं, तोंड पुसलं. परक्या माणसाला म्हणावं तसं तो "थँक्यू" म्हणाला.

आई पाण्याचा ग्लास घेऊन दारात आली. "वन्सं, पाणी तरी घ्या."

"नको वहिनी, तहान नाही." आत्यानं चपला सरकवल्या आणि जिना उतरून गेली.

"त्या बाई उद्या येतील का?" दादानं विचारलं.

आईनं हातातला ग्लास त्याच्या उशाशी ठेवला.