तिसरा खांब

आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. भूत, उतारा, अंगात येणं यातलं मी काही मानलं नाही, आजही मानत नाही. वर्गात असल्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करायचो. म्हणूनच हा अनुभव इतकी वर्षं कुणाला सांगितला नाही... आणि न सांगण्यातच एका माणसाचं नुकसान केलं. आता वय झालंय. लिहून टाकतो.

बहात्तरचा दुष्काळ. आष्टीपासून जवळच एक नवं कॉलेज होतं, दूध सोसायटीच्या चेअरमननी काढलेलं. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. खेळाचे सर हैदराबादचे. त्यांनी आम्हा कबड्डीवाल्यांना फुटबॉलला लावलं. मी कॅप्टन, खेळायचो बॅकला. गोलकीपर महालिंग, सिरसाळ्याचा. त्याच्या वडिलांचं किराणा दुकान होतं, आणि कुणी बोलावलं तर ते तळहातावर नारळ ठेवून, तो आपोआप फिरला की विहिरीची जागा दाखवायचे. त्यावरून मी महालिंगला फार चिडवायचो.

त्या वर्षी आम्ही एकही मॅच जिंकलो नाही. मैदानात पडलं की गुडघे सोलून निघायचे, आणि धुवायला पाणी नसायचं. होस्टेलची विहीर आटली होती. अण्णांनी सांगून टाकलं होतं — पाण्याची सोय झाली नाही तर होस्टेल बंद, पोरं घरी. त्या साली घरी गेलेलं पोर पुन्हा कॉलेजात येणार नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटची मॅच आमच्याच मैदानावर. दुपार कललेली, वारा अजिबात नाही. बरोबरी चालली होती... एवढंही आम्हाला वर्षभरात जमलं नव्हतं. मॅच संपत आली तेव्हा त्यांच्या फॉरवर्डने लांबून मारलेला एक अगदी लेचापेचा बॉल घरंगळत आमच्या गोलकडे आला. महालिंगच्या पुढ्यात थांबला. आणि मग जागच्या जागी फिरू लागला.

तेव्हाच्या बॉलचं तोंड बांधायला चामड्याची वादी असायची. ती वादी समोर यायची, पलीकडे जायची, पुन्हा समोर यायची. सावकाश — जात्यासारखी. वेग वाढत नव्हता, कमीही होत नव्हता. आजूबाजूची धूळसुद्धा हलत नव्हती. महालिंग वाकून बघत होता. मी त्याच्या शेजारीच होतो, मीही बघत होतो. माझा पाय उचललाच गेला नाही. तेवढ्यात त्यांचा फॉरवर्ड पळत आला आणि त्याने बॉल आत ढकलला.

सर धावत आले. "गोल कू दो खंबे कम पडे क्या मियाँ?"

"सर, बॉल फिरत व्हता. तिथं पाणी हाय," महालिंग म्हणाला. "ह्याला इचारा. ह्यानंबी बघितलंय."

लोक हसले. मॅच बघायला आलेले अण्णा हसले नाहीत. त्यांच्या शेतातली विहीर नारळावरूनच खोदलेली होती. "कॅप्टन, तू बघितलंस का? तू हो म्हण, उद्याच माणसं लावतो खोदायला."

"न्हाई अण्णा," मी म्हणालो. "बॉल थांबला व्हता. मी ओरडत व्हतो, ह्यो हललाच न्हाई."

महालिंगने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून कॉलेजात त्याचं नाव पडलं — तिसरा खांब.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच टिकाव घेऊन गोलपुढे खोदत होता.

"काय बे खांबा, सवताला पुरून घेतो का?" टीममधला कुणीतरी म्हणाला.

"हसा की. पन हसता हसता घमेलं उचला."

आणि गंमत म्हणजे पोरांनी उचललं! वर्षभर हरल्यावर आणखी एकदा हरायची लाज उरली नव्हती बहुतेक. दुपारी मीही गेलो. महालिंगने माझ्या हातात फावडं दिलं, एवढंच. मुरूम संपून खडक लागला तेव्हा पोरांची जिद्द बघून अण्णांनी सुरुंगवाले पाठवले.

पाणी लागलं. कधीच न जिंकलेली आमची टीम त्या चिखलात नाचली, सर तर सगळ्यांत जास्त. होस्टेल चालू राहिलं. आमचं शिक्षण त्या पाण्यावर झालं. गोल मात्र पलीकडे सरकवावा लागला.

पण लोक म्हणाले, पोरांचं नशीब, कुठंही खोदलं असतं तरी लागलं असतं. मी मान डोलावत राहिलो. महालिंग खांबच राहिला.

नंतर मी त्या विहिरीच्या कडेने गुपचूप बॉल ठेवून पाहिला. जमिनीचा उतार, आतला ब्लॅडर एका बाजूला जड आहे का — सगळं तपासलं. बॉल पुन्हा कधी फिरला नाही.

आता जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. आमंत्रणाच्या फोनवर एकाने हसत विचारलं, "तिसरा खांब येणार हाय का?" मी तो फोन ठेवला. महालिंगला फोन लावला. सगळं बोललो.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला इतकंच सांग, कावून खोटं बोललास?"

"लोक हसतील म्हणून. आणि गोल माझ्यावर आला असता म्हणून."

"मंग हसले की माझ्यावर. मेलो का मी?" तो स्वतःच हसला. "मेळाव्यात माइकवर सांग सगळ्यांना. आन् येताना बॉल घिऊन ये."

"बॉल कशाला?"

"आमच्या दुकानामागं बोअर फेल गेलंय बे."

वादीचा बॉल आता कुठे मिळत नाही. साधाच घेतलाय. काल अंगणात ठेवून बघत बसलो होतो. फिरला नाही. तेव्हा का फिरला, हे मला आजही सांगता येत नाही. पण फिरला होता. मी पाहिलं होतं, अण्णा.