शेंदूर लागलेला माल

दसऱ्याची सुट्टी संपवून सोमवारी सकाळी कालिंदी वाळूजच्या कारखान्यात शिरली आणि तिच्या नाकात डिझेलचा वास गेला. कारखाना रबराचा. तिथं गंधकाचा वास यावा, काजळीचा यावा, फार तर कामगारांच्या तंबाखूचा. डिझेलला तिथं काही काम नव्हतं. हातातला डबाही न ठेवता ती तशीच तयार मालाच्या खोलीत गेली.

पुंजाराम उकिडवा बसला होता. समोर जहाजाच्या इंजिनाखाली बसवायच्या जाडजूड रबरी गाद्या मांडलेल्या, हातात डिझेलचा बोळा. काळ्या रबरावरून शेंदरी ओघळ आलेले. ज्या गाद्या अजून पुसायच्या होत्या, त्यांच्यावर तेलात कालवलेल्या शेंदराची स्वस्तिकं होती.

"हे कोणी केलं?"

"पूजा झाली ना बाई, खंडेनवमीला. मालक म्हणले, बाई पैठणहून यायच्या आत पुसून घे."

"आणि डिझेलनं पुसतोस?"

"पाण्यानं निघंना मग." पुंजारामनं मान खाली घातली. "मला ठावं हाय बाई, रबराला तेल चालत नाय. पण मी काय बोलू?"

ठाऊक सगळ्यांनाच होतं. त्या कारखान्यात झाडू मारणाऱ्यालाही माहीत होतं की असलं रबर तेल पितं, फुगतं, मऊ पडतं आणि मग कामातून जातं. खंडेनवमीला मशिनींना शेंदूर लागायचा तो लोखंडाला. माल नेहमी दुसऱ्या खोलीत, दार लावून. यंदा मात्र माल साधा नव्हता. कुठल्याशा परदेशी नौदलासाठी आपल्या किनाऱ्यावर पाणबुड्या शोधणारी जहाजं बांधली जात होती, सगळी एकाच नमुन्याची, आणि त्यातल्या पहिल्या जहाजाच्या गाद्या इथं झाल्या होत्या. समुद्र इथून कुठल्या कुठं. पण शहरात मिरवायला तेवढं पुष्कळ झालं. पुढारी आले, फोटोवाला आला. गाद्या फाटकाशी पाटांवर मांडल्या, पूजा झाली आणि सुट्टीभर त्या तिथंच उन्हात राहिल्या.

पाणबुडी शोधणं हे कानाचं काम. ती पाण्याखाली दिसत नाही, ऐकावी लागते. जहाजाचं स्वतःचंच इंजिन धडधडत असेल, तर त्याला ऐकू काय येणार, कपाळ? उलट खालच्या पाणबुडीलाच ते आधी ऐकू जातं. इंजिनाची थरथर पाण्यात उतरू नये म्हणून या गाद्या. त्या सैल पडल्या, तर वर बसलेली माणसं बहिऱ्यासारखी फिरत राहतात आणि कधी मारली गेली ते त्यांना कळतही नाही.

कालिंदी पैठणची. वडील भिक्षुकी करायचे, मुलगी रसायनशास्त्रात बीएस्सी झाली आणि थेट रबराच्या प्रयोगशाळेत शिरली. घरी आली की अंगाला टायरच्या दुकानाचा वास, म्हणून सासूनं वर्षभर तिला देवघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवली होती. तिनं नोकरी सोडली नाही. सासूनंच हट्ट सोडला. पुढं पाचोडच्या एका शेतकऱ्यानं जमीन विकून हा कारखाना काढला, तेव्हा तो तिला तिथून मागून घेऊन आला. दोघांनी मिळून एक नियम केला होता: कालिंदीच्या शिक्क्याशिवाय माल फाटकाबाहेर जायचा नाही आणि नापास माल त्याच दिवशी करवतीवर दोन तुकडे व्हायचा. अखंड ठेवला तर नापास मालाला पाय फुटतात, तो हळूच चांगल्यात जाऊन बसतो. तो मालक आता नव्हता. त्याचा मुलगा इंद्रजीत इंजिनिअर होऊन खुर्चीत बसला होता.

कालिंदीनं एका गादीवर अंगठा दाबला. चांगल्या रबरावर अंगठा काढताच खूण पुसली जाते. इथं ती राहिली. तिनं दुसरी दाबली, तिसरी दाबली. जेवताना घासात केस लागावा तसं तिला झालं.

इंद्रजीत स्वतःच खोलीत आला. "काकू, बसा आधी. चहा सांगू का?"

"चहा राहू दे. तू तिथं उभा होतास ना?"

"होतो. हात जोडून होतो." तो हसला. "वरवर लागलंय हो. आज यंत्रावर मोजून बघा, पास होतील. गाडी उद्या निघायची. शिक्का मारून टाका."

"आज होतील. वर्षानं?"

"वर्षानं ते जहाज दुसऱ्यांच्या समुद्रात असंल." त्यानं आवाज खाली आणला. "हे पाहा काकू, आपल्या नेव्हीचं असतं ना, तर मीच म्हणलो असतो, तोडा. आईची शपथ. पण हे बाहेरच्यांचं हाय. खामखा कशाला ताणायचं? उशीर झाला तर पुढच्या जहाजांचं काम हातातून जाईल."

कालिंदी त्याच्याकडं बघत राहिली. तो लाजला नव्हता, घाबरलाही नव्हता. आपण समजूतदारपणाचं काही बोललो अशी त्याच्या तोंडावर तकाकी होती. तिला त्या तकाकीचीच शिसारी आली.

"बाहेरच्यांच्या जहाजावर माणसं नसतात का रे?"

"तुम्ही इमोशनल होताय."

दुपारी तिनं नवऱ्याला फोन केला. केशवराव पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले. आयुष्यात कुणाशी वाकडं घेतलं नाही, हाच त्यांचा अभिमान. ते म्हणाले, "डिसेंबरात तू सुटतेयस. मार शिक्का आणि ये घरी. तू काय त्या जहाजात बसणार आहेस?" तिनं फोन ठेवला. सकाळपासून दुसरा माणूस तेच बोलत होता, आणि हा तर घरचा.

तोवर इंद्रजीतनं आईला बोलावून घेतलं होतं. बाईचं बाईशी जमेल, असा हिशेब. आशाबाई नवरात्रातल्याच साडीत आल्या, गाद्यांकडं बघून खालीच बसल्या.

"मीच लावला ओ बाई शेंदूर. मला वाटलं, मशीनला लावतो, मग मालाला का नाय? येवढ्या लांब जायचं त्याला, पाण्यावर." मग त्या लेकाकडं वळल्या. "तुला ठावं होतं नं? मग माझा हात का नाय धरला?"

"फोटो चालले होते, आई."

पुंजारामनं बोळा बादलीत टाकला.

कालिंदीला वाटलं, आता ही बाई तरी लेकाचा कान धरील. पण आशाबाईंनी डोळे पुसले आणि पदर खोचला. "झालं ते झालं, बाई. पण देवाचं लावलेलं कापायचं नसतं. लई वंगाळ व्हतं. जाऊ द्या तसंच."

"आशाबाई, देवाला मध्ये घेऊ नका. तुमच्या हातून चुकून झालं, ते मी समजू शकते. यानं जाणून होऊ दिलं. आता देवाच्या आडून तोच माल माणसांच्या जिवावर पाठवायचा?"

"माझ्या पोराला माझ्यासमोर बोलू नका."

"मग त्याला बाहेर न्या. मला काम आहे."

तिनं पुंजारामला ढकलगाडी आणायला सांगितली. ती त्यानं आणली, पण गादीला हात लावेना. "स्वस्तिक हाय बाई त्यावर. मला नका सांगू." बाकीचे कामगार खांबांमागं सरकले. कुणाला पाप लागत होतं, कुणाला दिवाळीचा बोनस दिसत होता. कालिंदीनं पदर कमरेला बांधला आणि एकेक गादी स्वतःच ओढत-ढकलत गाडीवर घेतली. गाडी करवतीपाशी नेऊन तिनं करवत सुरू केली. इंद्रजीत आडवा येऊन उभा राहिला.

"काकू, हे कापलंत तर..."

"तर काय? बटणावरचा माझा हात धर. आईचा धरता आला नाही, माझा धर."

तो बाजूला झाला. पातं पहिल्या गादीत शिरलं. चांगलं रबर कोरडं कापलं जातं. हे वरच्या थरात चिकटलं, पात्याला शेंदरी चिखल लागला. तिनं थांबून पातं पुसलं आणि पुढं चालू ठेवलं. शेवटची गादी कापून होईतो आशाबाई निघून गेल्या होत्या. बेसिनवर तिनं तीनदा साबण लावला, तरी नखांतलं लाल गेलं नाही.

तिला कोणी काढलं नाही. काढणार कसे? जहाज बांधणाऱ्यांकडं शिक्का तिचाच चालायचा. नवा माल टाकावा लागला, दिवाळीतही पाळ्या चालल्या. कामगार तिच्याशी कामापुरतं बोलू लागले आणि केशवरावांनी फराळाच्या ताटावर "एवढं करून मिळालं काय" हे दोनदा विचारलं.

जहाजबांधणीच्या गोदीतून तपासणीला साहेब आले. आधीचा माल का आला नाही, हे इंद्रजीतनं त्यांना तिच्यासमोरच सांगितलं. "हाताळताना जरासं तेल लागलं होतं, सर. जरासंच. पण मी म्हणलो, तडजोड नाही. मी स्वतः उभं राहून सगळा माल कापून टाकला." हे म्हणताना त्यानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा, आणि नजर हलली नाही. साहेबांनी उठून त्याच्याशी हात मिळवला. मग ते कौतुकानं कालिंदीकडं वळले.

"मॅडम, असा कडक मालक मिळायला नशीब लागतं."

ते कौतुक थुंकून टाकावं असं तिला वाटलं. पण पलीकडं नव्या गाद्या रांगेत मांडलेल्या होत्या, काळ्या, कोरड्या, आणि त्या अजून तपासायच्या होत्या.

"चहा नंतर घ्या," ती म्हणाली. "आधी अंगठा दाबून बघा. एकही सोडू नका."